डोक्यावरचं पाणी

गुडघ्याचा एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले, "बाई, चालणं जरा कमी करा आणि पोहायला जा." मला वाटलं, ते चेष्टा करताहेत. मी अठ्ठावन्न वर्षांची, नुकतीच शाळेतून निवृत्त झालेली, सकाळ-संध्याकाळ साखरेची गोळी घेणारी बाई. त्यातून विट्याची. आमच्या खानापूर तालुक्यात माणसं ढगाकडे बघत म्हातारी झाली. तिथं पोहणं हे औषध म्हणून कुणी लिहून देईल, असं कधी मनात आलं नव्हतं.

डॉक्टरांनी मात्र नीट समजावून सांगितलं. गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे, ती काही परत यायची नाही. पण मांडीचे स्नायू मजबूत झाले तर गुडघ्याचा बराच भार ते उचलतात. जमिनीवर चालताना सगळं वजन गुडघ्यांवर येतं. कमरेएवढ्या पाण्यात तेच वजन साधारण निम्मं जाणवतं आणि गळ्याएवढ्या पाण्यात जेमतेम दहावा हिस्सा. शिवाय साखरेलाही व्यायाम हवाच. मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान दीडशे मिनिटं अंग हलवावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. "तुमचे गुडघे रस्त्यावर दीडशे मिनिटं देणार नाहीत, पाण्यात देतील," डॉक्टर म्हणाले.

माझं दुखणं त्यांना जेवढं ठाऊक होतं त्याहून थोडं जास्त होतं. दोन वर्षांपासून मी खुर्चीवर बसून नमाज पढत होते. आजारी माणसाला तशी मुभा आहे, हे मला माहीत आहे. इतरांना मीच ते समजावून सांगत असते. पण छत्तीस वर्षं वर्गात उभी राहिले, घरात कधी दमले नाही, आणि आता कपाळ जमिनीला टेकत नाही, ही रुखरुख जात नव्हती. सजद्याच्या वेळी हवेतच मान झुकवायची आणि समोरच्या जानमाजकडे बघायचं. डोळे भरून यायचे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आमच्या ह्यांनाही नाही.

गावात पोहण्याचा तलाव आहे आणि तिथं सकाळी एक तास फक्त बायकांसाठी असतो, हे लेकीनं शोधून काढलं. तरी मी दोन महिने टाळाटाळ केली. कधी थंडी, कधी पाहुणे, कधी गुडघाच जास्त दुखतोय. खरं कारण वेगळं होतं. मला पाण्याची भीती वाटत होती, आणि त्या भीतीला एक तारीख होती.

आमच्या लहानपणी मोहल्ल्यातल्या बाया मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणायच्या. १९७२ चा दुष्काळ मला पुसट आठवतो. मी सहा वर्षांची होते. अब्बा आणि अम्मी दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे आणि येताना आमच्यासाठी डब्यातून सुकडी आणायचे. खडी फोडून आल्यावर अब्बा भिंतीला टेकून बसत. अम्मी मात्र चुंबळ डोक्यावर ठेवून पुन्हा विहिरीकडे निघायची. दुष्काळ सरला, पण तिच्या खेपा सरल्या नाहीत.

त्याच विहिरीत आमचा भाई पोहायला शिकला. कमरेला पत्र्याचा रिकामा डबा बांधून मोठी मुलं लहानांना पाण्यात ढकलून देत. चार दिवसांत डबा सुटायचा. मग काय, दिवसभर वरून मुटके मारणं चालायचं. आम्ही मुली काठावर धुणं घेऊन बसायचो आणि त्यांच्या उड्या मोजायचो. आपणही उतरावं असं आम्हाला वाटलं नसेल असं नाही, पण ते विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

१९७८ च्या उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं होतं. पायऱ्या उतरून घागर बुडवावी लागे आणि खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असे. माझ्या खालाची मुलगी, आम्ही तिला आपा म्हणायचो, पंधरा वर्षांची होती. घागर भरताना तिचा पाय सरकला. वर चार बाया होत्या. चौघीही रोज त्या विहिरीवर येणाऱ्या, तिची एकेक पायरी पायाखालची असणाऱ्या. पण एकीलाही पोहता येत नव्हतं. त्यांनी आरडाओरडा केला, पोहऱ्याची दोरी खाली सोडली. "दोरी तिच्या हाताजवळ पडली होती," अम्मी आजही सांगते. त्या चौघींत अम्मी होती.

मळ्यातून माणसं धावत आली. पाण्यात सूर मारला तो भाईनं. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्यानंच आपाला वर आणलं, पण तोवर उशीर झाला होता.

पुढं मी शिक्षिका झाले, मुलांना पाण्याचे धडे शिकवले. आमच्या भागात पाण्यासाठी झालेल्या लढ्यांबद्दलही सांगत आले. आमच्याच तालुक्यात येरळा नदीवर बळवडी-तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात स्वतः खपून बळीराजा धरण बांधलं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा, हा त्यामागचा विचार होता. पुढं नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या. १९९६ साली टेंभू योजनेला सुरुवात झाली आणि कराडजवळून कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून या दुष्काळी पट्ट्यात आणलं गेलं. महाडचं चवदार तळं तर मी दरवर्षी शिकवायचे. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी पिऊन सांगितलं, की सार्वजनिक पाणी सगळ्यांचं आहे.

हे सगळं शिकवताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. पाण्यावरचा हक्क म्हणजे पिण्याचा हक्क, शेतीचा हक्क, एवढंच आम्ही धरून चाललो. पाण्यात उतरण्याचाही हक्क असतो, आणि तो आमच्याकडे निम्म्या माणसांना कधी मिळालाच नाही. पाणी बायकांच्या वाट्याला आलं ते डोक्यावर वाहायला. त्यात पोहायला पुरुष गेले. आणि ज्या रोज पाण्याजवळ जात, त्याच बुडत.

लेकीनं पुण्याहून पोहण्याचा ड्रेस पाठवला. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ, सोबत डोकं झाकणारी टोपी. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या अहेदा झानेटी या लेबनानी वंशाच्या बाईनं २००४ साली असला पोशाख तयार केला. पुढं २०१६ मध्ये फ्रान्समधल्या काही गावांनी समुद्रकिनाऱ्यावर तो घालायला बंदी केली आणि तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं अशी बंदी स्थगित केली. लेकीनं हे सांगितलं तेव्हा मला गंमत वाटली. तिकडे बाईनं अंग झाकलं म्हणून तिला पाण्याबाहेर काढतात, इकडे अंग दिसेल म्हणून पाण्यात जाऊ देत नाहीत. बाईला काय हवंय हे विचारायचं दोन्हीकडे राहूनच जातं.

भाईला कळलं तेव्हा तो संध्याकाळी घरी आला. चहा घेतला नाही.

"या वयात हे काय काढलंस? मोहल्ल्यात लोक काय म्हणतील?"

"भाई, बायकांचीच वेळ आहे. अंगभर कपडे आहेत. डॉक्टरांनी सांगितलंय."

"दुसरा डॉक्टर बघू."

मग मीही शिक्षिकेचा आवाज काढला. "हजरत उमर यांनी पोहणं शिकवायला सांगितलं होतं, हे तुम्हीच जुम्याहून येऊन आम्हाला सांगायचात ना?"

"ते मुलांना शिकवायला सांगितलंय."

"औलाद म्हटलंय, भाई. औलादमध्ये मुली येत नाहीत का?"

तो बराच वेळ गप्प बसला. मला वाटलं, वाद जिंकला. मग तो खाली बघत म्हणाला, "तू मसले नको सांगूस मला. पाणी बघितलं की मला ती दिसते. तिला मी वर आणलंय, तू नाही." एवढं बोलून तो उठून गेला. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं, की १९७८ नंतर भाई कधीच विहिरीत उतरला नव्हता. त्याच्या रागाला आम्ही इतकी वर्षं धर्माचा आणि अब्रूचा राग समजत आलो. ती भीती होती. माझ्यासारखीच.

दुसऱ्या आठवड्यात मी गेले. कपडे बदलण्याच्या खोलीत दहा-बारा बाया होत्या आणि सगळ्याच भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. कुणाला पोटाची लाज, कुणाला पायावरच्या निळ्या शिरांची, कुणाला सिझेरियनच्या वणाची. एक काकू टॉवेल गुंडाळून थेट पायरीपर्यंत आल्या आणि पाण्यात शिरताना तो काठावर सोडून दिला. लाज काही आमच्या मोहल्ल्यापुरती नव्हती. माझ्या अंगभर ड्रेसकडे बघून त्याच काकू म्हणाल्या, "हे बरं आहे हो, मलाही मागवून द्या." नंतर तिघींनी तसे ड्रेस मागवले. त्यांत मुसलमान एकही नव्हती.

शिकवणारी मॅडम म्हणजे माझीच विद्यार्थिनी निघाली. दुसरीत असताना पाढ्यांना घाबरायची. "बाई, आधी फक्त तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे सोडायचे," ती म्हणाली. मी बिस्मिल्लाह म्हटलं, दांडीला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि तोंड पाण्यात घातलं. डोळ्यांपुढं विहीर आली. मी वर आले ती धापा टाकतच. तिनं घाई केली नाही. मी तिच्याकडून पाढे जसे घोकून घेतले होते, तसेच तिनं माझ्याकडून बुडबुडे घोकून घेतले. पाण्याखाली नाकातोंडानं श्वास सोडायचा, वर येऊन तोंडानं घ्यायचा. नवशिकी माणसं श्वास सोडतच नाहीत, कोंडून धरतात आणि म्हणून दमतात, हे तिनं सांगितलं. भीतीचंही तसंच असावं. कोंडून धरली की दमवते.

तरंगायला नऊ दिवस लागले. पाठीवर झोपायचं, कान पाण्याखाली आणि मान सैल. मॅडमनं डोक्याखालचा हात कधी काढला ते मला कळलं नाही. छातीत हवा भरलेली असली की माणसाचं शरीर तरंगतं. हात-पाय झाडून आपणच स्वतःला बुडवतो. कान पाण्यात असल्यानं बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. वर आभाळ होतं. मी रडले, पाण्यात असल्यामुळे कुणाला दिसलं नाही. एवढंच तर शिकायचं होतं. आपाला एवढंच आलं असतं तर दोरी हाताला लागेपर्यंत ती टिकली असती.

त्यानंतर फळी धरून पाय मारणं, मग हात, मग दोन्ही एकत्र. आमचा तलाव पंचवीस मीटरचा. पहिली फेरी पूर्ण केली ती सातव्या आठवड्यात, मध्ये तीनदा दांडी धरून. पलीकडच्या भिंतीला हात लागला तेव्हा सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षिका असताना अशा टाळ्या मी वाजवायला लावत असे. आपल्यासाठी वाजल्या की कशा वाटतात, हे निवृत्तीनंतर कळलं.

त्या दिवसांत मुरलीकांत पेटकरांबद्दल वाचलं. आपल्याच सांगली जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातल्या पेठचे. १९६५ च्या युद्धात हा जवान गोळ्या लागून कायमचा जायबंदी झाला. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहून ३७.३३ सेकंदांत जागतिक विक्रमासह सुवर्णपदक घेऊन आला. भारताचं ते पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. ज्या साली माझे आई-बाप खडी फोडत होते, त्याच साली आपल्या जिल्ह्यातला एक माणूस परदेशात पाण्यात जिंकत होता. मी ते वर्ष फक्त दुष्काळाचं म्हणून शिकवत आले होते.

युसरा मार्दिनीची गोष्ट लेकीनं फोनवर सांगितली. सीरियातली ही मुलगी वडिलांकडूनच पोहायला शिकली. २०१५ साली निर्वासितांच्या बोटीतून एजियन समुद्र ओलांडताना इंजिन बंद पडलं, तेव्हा ती आणि तिची बहीण सारा पाण्यात उतरल्या. आणखी दोघांच्या मदतीनं कित्येक तास खटपट करून त्यांनी बोट लेसबॉसच्या किनाऱ्याला लावली. पुढच्याच वर्षी युसरा रिओ ऑलिंपिकमध्ये निर्वासितांच्या संघातून पोहली. मी ही गोष्ट मोहल्ल्यातल्या बायांना सांगते. मुलीला पोहायला शिकवणाऱ्या बापाची गोष्ट म्हणून सांगते.

आता दीड वर्ष झालं. मी आठवड्यातून चार दिवस जाते आणि वीस फेऱ्या मारते, म्हणजे पाचशे मीटर. चार फेऱ्यांनंतर मिनिटभर थांबते. साखर असलेल्यांनी रिकाम्या पोटी उतरू नये, म्हणून आधी थोडं खाते, आणि घरी आल्यावर पावलं पुसून जखम नाही ना ते बघते. तीन महिन्यांची सरासरी साखर ८.४ होती, ती ७.१ वर आली. गोळ्या तशाच चालू आहेत. पोहण्यानं गोळी सुटते असं मी कुणाला सांगणार नाही. गुडघेही काही नवे झालेले नाहीत. पण फजरच्या दोन रकात आता मी जमिनीवर पढते. दिवसाच्या बाकीच्या नमाजांना खुर्ची लागते. पहाटे एकदा कपाळ जमिनीला टेकतं, एवढं मला पुरतं.

एक गोष्ट मात्र मनाला टोचत होती. दुष्काळी गावात पोहायला एवढं पाणी? मी हिशेब मांडला. पंचवीस मीटर लांब, बारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल धरलं तर साडेचार लाख लिटर होतं. एप्रिल २०१६ मध्ये आपल्या मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. म्हणजे एका शहराची तहान भागवायला निघालेल्या गाडीएवढं पाणी माझ्या पायाखाली असतं. ते रोज नवं भरत नाहीत, गाळून पुन्हा वापरतात, हे खरं. तरीही टंचाईच्या वर्षी तलाव बंद ठेवला तर मी तक्रार करणार नाही. पण एरवी उतरताना अपराधी वाटून घ्यायचं नाही, असं ठरवलंय. इतकी वर्षं ज्यांनी पाणी वाहिलं, त्यांच्या लेकींनी थोडा वेळ त्यात तरंगावं.

गेल्या उन्हाळ्यात अम्मीनं हट्ट धरला, मला तो तलाव दाखव. ती आता ऐंशीची आहे. तिला आणणार कोण, हा प्रश्न होता. सकाळी फाटकापाशी स्कूटर थांबली तर भाई. अम्मीला हाताला धरून त्यानं आमच्या हवाली केलं आणि स्वतः रस्त्याच्या पलीकडे, लिंबाखाली जाऊन उभा राहिला. बायकांची वेळ होती म्हणून, आणि दुसऱ्या कारणानंही. मी काही विचारलं नाही.

अम्मीला काठावर खुर्ची दिली. ती निळ्या पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "या अल्ला, एवढं पाणी! कुणी भरलं गं?"

सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. घरी येऊन मी पुन्हा हिशेब मांडला. अम्मी दिवसाला दहा खेपा करायची, खेपेला पंचवीस लिटर धरले तर दिवसाचे अडीचशे. साडेचार लाख लिटरला अठराशे दिवस लागतात, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं. तिनं तीस वर्षं पाणी वाहिलं. असले सहा तलाव माझ्या अम्मीनं डोक्यावरून वाहून आणलेत.

त्या सकाळी मी वीस फेऱ्या मारल्या नाहीत. दोनच मारल्या, तिला दिसेल अशा, काठाजवळून. मग पाठीवर तरंगले. ती खुर्चीतून पुढं वाकून बघत होती. उथळ बाजूला शाळकरी मुली फळ्या धरून पाय मारत होत्या, पाणी उडत होतं.

मी बाहेर आले तेव्हा अम्मीनं तिच्या ओढणीनं माझं डोकं पुसलं, लहानपणी पुसायची तसं. मग त्या मुलींकडे बोट दाखवून विचारलं, "या सगळ्यांना पवायला येतं?"

"शिकतायत, अम्मी."

"सगळ्यांना?"

"हो, सगळ्यांना."

ती थोडा वेळ गप्प राहिली. "मग दोरी लागणार नाही," म्हणाली, आणि उठण्यासाठी तिनं माझ्याकडे हात पुढे केला.